दंडावरचा लाल दिवा

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून मागे बसलात तर निम्मी गोष्ट खांबच ऐकून घेईल. मोबाइल पालथे ठेवा, लेकरांना मांडीवर घ्या, म्हाताऱ्यांना भिंतीची बाजू द्या. रामरायाला साक्ष ठेवून आज एक गोष्ट सांगायची आहे. पुराणातली नाही हं. अजून आपल्या दंडांवरचे सुयांचे ठिपके पुरते बुजले नाहीत, इतकी अलीकडची. हिच्यात एक पोरगी आहे आणि एक यंत्र आहे. राक्षस कुणीच नाही, म्हणूनच ऐकायला थोडी अवघड आहे.

मोहोरगाव हे सोलापूरकडच्या ज्वारीच्या पट्ट्यातलं गाव. क्लासला येऊन राहिलेल्या पोरांनी भरलेलं, त्यामुळे गल्लोगल्ली खानावळी. त्यातली एक उषाबाई सुरवसे यांची. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. बाईच्या हातची शेंगाचटणी खाऊन पोरं परीक्षेत पास होतात, अशी ख्याती. वैजयंता ही तिची एकुलती लेक. सगळे तिला वैजू म्हणत.

वैजू अंगानं मोठी होती. लहानपणी "काय गुटगुटीत आहे गं!" म्हणून ज्या बायकांनी गाल ओढले, त्याच बायका ती दहावीत गेल्यावर पदराआड हसू लागल्या. शाळेचा जिना चढताना ती मध्ये थांबे आणि चपलेचा बंद नीट केल्यासारखं करी. चपलेला बंद नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

पण तिला गळा होता. गावातल्या कीर्तनकार गोदाताई पुराणिक यांनी शाळेच्या प्रार्थनेत तो ऐकला आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "ही पोर गळ्यातून गात नाही हो, पायाच्या अंगठ्यापासून गाते. हिला माझ्याकडे पाठवा." गोदाताई स्वतः उदबत्तीच्या काडीएवढ्या. त्या काडीचा आणि त्या पोरीचा जीव जडला. झांज कशी धरायची, पूर्वरंगात कुठं थांबायचं, श्रोता पेंगायला लागला की आवाज चढवायचा नाही, उलट उतरवायचा, हे सगळं वैजू शिकली. कीर्तनाच्या गादीवर उभी राहिली की आपलं अंग तिला आपलंच वाटे. बाकी दिवसभर ते कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखं वाटायचं.

आता यंत्राचं सांगते ते ऐका, गोष्टीचा कणा तोच आहे.

त्या यंत्राचं नाव 'सोबती'. रुपयाच्या नाण्याएवढी मऊ पट्टी, दंडावर चिकटवायची. तिच्या पोटाला सुयांची लव असे, इतकी बारीक की टोचल्याचं कळत नसे. आपल्या पेशी ज्या पाण्यात बसलेल्या असतात, त्या पाण्यात त्या सुया बुडायच्या आणि चाखायच्या. साखर किती, स्नायू किती दमले, ताणाचं रसायन किती वाढलं. ते सगळं जुळवून पट्टी ओळखायची की आता हे मूल भुकेनं खाणार की दुःखानं. मग कानातल्या मण्यातून हळूच सांगायची, "आधी पाणी पी," नाहीतर "जरा गच्चीवर जाऊन ये." शिवाय तिच्या पोटात औषधाचा थेंबभर साठा असे. जेवण झालं की आतडी मेंदूला "पुरे" असा निरोप धाडतात. काहींच्या अंगात तो निरोप फार क्षीण पोचतो. त्या निरोपाचीच नक्कल करणारं ते औषध, कणाकणानं सुटायचं. आळशीपणाचा आणि हावरटपणाचा जो शिक्का पिढ्यान् पिढ्या जाड मुलांच्या कपाळी मारला, तो या पट्टीनं खोटा ठरवला. चांगली गोष्ट होती. मनापासून सांगायचं तर फारच चांगली.

घोटाळा दिव्यानं केला. मुलांना हुरूप यावा म्हणून कुठल्याशा समितीनं पट्टीवर मसुराएवढा दिवा बसवला. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे बिघडलं. रंग तीन गोष्टींवर ठरे: अंग किती हललं, साखर किती उसळली, मनावर ताण किती आला. मग शाळेनं गणवेशाच्या बाहीला गोल खिडकी कापायला लावली, म्हणजे दिवा दिसावा. वर्षभरात शिंपी लग्नाच्या ब्लाउजांनाही खिडक्या ठेवू लागले. पंगतीत वाढपी आधी दंडाकडे बघे, मग पानाकडे. लाल दिवा दिसला की जिलबीचं ताट पुढच्या माणसाकडे सरके. कुणी ठरवून केलं नव्हतं. होत गेलं.

वैजूचा दिवा लाल असे.

त्या वर्षी रामनवमीचं जन्मकीर्तन नव्या पिढीनं करायचं, असं देवळाच्या बैठकीत ठरलं आणि गोदाताईंनी वैजूचं नाव घातलं. जन्मकीर्तन म्हणजे उत्सवाचा मुकुटमणी. कीर्तनकारानं उभं राहून आख्यान असं चालवायचं की दुपारी बाराच्या ठोक्याला रामजन्म झालाच पाहिजे. आधी नाही, नंतर नाही. हे सुकाणू दहावीतल्या पोरीच्या हाती द्यायचं, म्हणून सगळे खूश होते. मग देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष बापूसाहेब मनगिरे खाकरले. शाळेचेही अध्यक्ष तेच.

"पोरीचा आवाज देवाची देणगी आहे, त्यावर वाद नाही," ते म्हणाले. "पण गादीवर उभा राहणारा माणूस पोरांपुढचा आरसा असतो, गोदाताई. शाळेत आपण नियम केलाय, हिरवा दिवा असेल त्यानंच व्यासपीठावर यायचं. देवळाला वेगळा कसा लावू?"

"देवळाला देवाचा लावा," गोदाताई म्हणाल्या.

"देवानंच बुद्धी दिली, त्या बुद्धीनंच यंत्र केलं." बापूसाहेब वैजूकडे वळले. आवाज मऊ होता. त्यांचा धाकटा भाऊ ऐन पस्तिशीत छातीत कळ येऊन गेला होता, तोही असाच देहानं भारी. "बाळ, तुझ्या भल्याचंच सांगतोय. नवमीपर्यंत हिरवा करून दाखव. गादी तुझीच."

बाहेर चपला घालताना बापूसाहेबांची नात मनवा वैजूशेजारी येऊन उभी राहिली. दोघी एका वर्गातल्या. मनवाचा दिवा आजवर कधी हिरव्याशिवाय दिसला नव्हता. शाळेच्या फलकावर तिचा फोटो होता.

"सोपं आहे हिरवा करणं," मनवा खालच्या आवाजात म्हणाली. तिचे ओठ सुकलेले होते. "सकाळी खायचंच नाही. नंतर सवय होते."

"आणि गायचं कशाच्या जिवावर?"

"मी कुठं गाते?" मनवा म्हणाली आणि आजोबांच्या मागे गेली.

वैजूनं चंग बांधला. रिक्षा सोडून शाळेला चालत जाऊ लागली. जिन्यात थांबायची, पण परत फिरायची नाही. संध्याकाळच्या भज्यांऐवजी कडक भाकरी आणि पालेभाजी, वेळेवर झोप. आठवड्यांमागून आठवडे गेले. गुडघे दुखायचे थांबले, श्वास लांबला, तान एका दमात पुरी होऊ लागली. दिवा मात्र लालच. त्यातही गंमत अशी की तालमीच्या दिवशी जास्तच लाल.

"मेलं आंधळं आहे का काय ते?" उषाबाई पट्टीकडे बघून म्हणायच्या.

"आई, यंत्राला शिव्या घालू नकोस, ऐकू जातं त्याला," वैजू हसून म्हणे. पण आंघोळीला जाताना पट्टी काढून खुंटीवर ठेवली, की नळ मोठा सोडून रडे.

आणि एके दिवशी दिवा पिवळा झाला. दोनचार दिवसांनी चक्क हिरवा. उषाबाईंनी खानावळीत दोन्ही वेळा खीर केली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. बापूसाहेबांनी शाळेत वैजूच्या डोक्यावर हात ठेवला. फक्त वैजूला काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. भूक अशी नाहीशीच झाली. भाकरी समोर आली की मळमळे. ती कुणाला बोलली नाही. हिरव्या दिव्याची मुलं अशीच असतात, असं तिला वाटलं.

नवमीला थोडेच दिवस उरले असताना, तालमीत, उंच स्वर लावायला तिनं श्वास घेतला आणि ती झांजेसकट खाली कोसळली.

डॉ. समीना तांबोळी या 'सोबती' योजनेच्या तालुक्याच्या डॉक्टर. पुण्याला असताना या पट्टीच्या चाचण्यांत त्यांनी स्वतः काम केलेलं. सलाइन लावलं, मग पट्टीतली माहिती पडद्यावर उघडली आणि बराच वेळ हनुवटी चोळत बसल्या.

"वैजयंता, तुझ्या पट्टीनं दोन माणसं पाहिलीत," त्या म्हणाल्या. "दिवसभर तू. आणि पहाटे कुणीतरी दुसरी बाई. भराभरा चालणारी, तिच्या चालण्यानंच दिवा हिरवा झाला. तिला मधुमेह आहे. तुला नाही. औषधाची मात्रा पहाटेच्या उपाशी साखरेवरून ठरते. पट्टीला वाटलं, हिला औषध पुरत नाही. म्हणून ती रोज थोडं थोडं वाढवत गेली आणि तुझी भूक पार मारून टाकली. कोण आहे ही बाई?"

 मग कोपऱ्यातून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी हाय," उषाबाई म्हणाल्या. "प्रदक्षिणा घातल्या मी देवळाला. तिच्या वाटच्या. ही पहाटे आंघोळीला गेली की पट्टी खुंटीवरच असायची, पाठांतर उरकेस्तवर लावायची नाही ही. म्हटलं, लेकरू किती दमतंय, थोडं आपण घालावं. बारकी असताना हिचा ताप हटत नव्हता, तवा मारुतीला अशाच घातल्या होत्या. उतरला का नाही ताप?"

"अहो उषाताई, देवाला चालतं ते!" डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्याच्या वाटचं पुण्य देव जमा करून घेतो. यंत्राला कसं चालेल?"

"मला काय ठावं? दोघंबी दिसत नाहीत आणि सगळं बघत असतात, असंच सांगितलं होतं तुम्ही लोकांनी."

डॉक्टरांना हसू आवरेना. "आणि तुमची भूक नाही मेली? औषध तर तुमच्याही अंगात गेलं असणार."

"मेली की. मला वाटलं, देवानं उपास गोड मानून घेतला."

वैजूही हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आईचा राग यावा असं तिला वाटत होतं, पण त्या बाईच्या पायांच्या भेगांत अजून देवळाच्या फरशीची धूळ होती. "आई, तू माझ्यासाठी चालत होतीस," ती म्हणाली, "पण मी तर चालतच होते ना गं! तुझाही विश्वास नव्हता माझ्यावर?"

 उषाबाई लेकीची पावलं दाबत बसल्या.

डॉक्टरांनी मग वैजूची जुनी, खरी माहिती निराळी काढली. "साखर उत्तम. झोप उत्तम. स्नायूंची ताकद वाढलीय. मग लाल का? हे बघ, तालमीच्या वेळी तुझं हृदय जोरात धावतं, ताणाचं रसायन वर चढतं, पण पावलं मात्र पडत नाहीत. तू एका जागी उभी. यंत्राला दोनच गोष्टी ठाऊक आहेत. हृदय धावतंय आणि पाय हलतायत, तर व्यायाम. हृदय धावतंय आणि पाय थांबलेत, तर भीती. एका जागी उभं राहून देहभान विसरून गाणारं मूल त्यानं शिकताना कधी पाहिलंच नाही. आम्ही दाखवलंच नाही त्याला."

"म्हणजे मी कीर्तन सोडलं की दिवा हिरवा होईल?"

"होईल."

"आणि हिरवा झाला की मला कीर्तन करू देणार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

"मग शिकवा ना त्याला कीर्तन."

"शिकवीन. तुझ्या, गोदाताईंच्या वर्गातल्या सगळ्या पोरांच्या तालमी पट्टी लावून घेऊ. पण तशा शेकडो मुलांच्या नोंदी लागतात. मग तपासण्या, मग मंजुरी. नवमीच्या आत काही होत नाही, बेटा. बापूसाहेबांना मी सांगून बघते."

"तुम्ही सांगा. पण मी थांबणार नाही," वैजू उठून बसली. "औषध माझं बंद करा."

"ते तर आत्ताच केलंय. पुढं लागलं तर लागेल, त्यात कमीपणा मानायचा नाही. आणि पट्टी? काढून ठेवायची?"

"नाही. माझी साखर, माझी झोप मला बघायचीय. ती माझी सोबती आहे, सासू नाही. लाल तर लाल. राहू दे."

बापूसाहेबांनी डॉक्टरांचं शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यांच्या मनात एकच शब्द रुतून बसला: फसवणूक. आई का असेना, दुसऱ्याच्या अंगावर लावलेली पट्टी! असल्या घरातल्या पोरीला आता गादी दिली तर सगळा तालुका हसेल. त्यांनी गोदाताईंकडे निरोप धाडला की यंदाही जन्मकीर्तन तुम्हीच करायचं. गोदाताई "बरं" म्हणाल्या.

वैजू तणतणत त्यांच्या दारात. "ताई, तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणाले. जन्म तर व्हायला हवा ना बाराला? का रामाला सांगू, यंदा ट्रस्टचं जमत नाही, पुढच्या वर्षी ये?" गोदाताई वाती वळत होत्या. "बस. पाणी पी."

"ताई, मला एक विचारायचंय. मध्यंतराला यजमान कीर्तनकाराला हार घालतो, बुक्का लावतो, पाया पडतो. ज्याच्या गळ्यात हार, त्याची गादी. मग आरती होईतो त्याला कुणी खाली उतरवत नाही. बाप असला तरी लेकाच्या पाया पडतो. बरोबर?"

"बरोबर."

"तो हार तुम्ही माझ्या गळ्यात घाला."

गोदाताईंच्या हातातली वात थांबली. "कळतंय का काय बोलतेस? भर उत्सवात बापूसाहेबांना पेचात धरायचं? पुन्हा या देवळात उभं करणार नाहीत तुला. आणि मलाही."

"कळतंय."

"अंगावर शेला घे मग. लाल दिवा झाकला जाईल. उगीच आगीत तेल कशाला?"

"नाही ताई. झाकायचाच असता तर आईनं घातलेल्या प्रदक्षिणा काय वाईट होत्या?"

गोदाताई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. "आख्यान घोकून ये," एवढंच बोलल्या.

त्या संध्याकाळी उषाबाईंनी वैजूसाठी शिवलेला नवा ब्लाउज हातात घेतला. बाहीला खिडकी नव्हती, देवळात घालायचा म्हणून मुद्दाम ठेवली नव्हती. त्यांनी कात्री घेतली, गोल कापला आणि कडेनं जरीची बारीक किनार लावत बसल्या.

नवमीच्या सकाळी मंडप गच्च भरला. ऊन कौलांवर तापलेलं, आत फुलांचा आणि घामाचा वास. गोदाताईंनी पूर्वरंग असा काही रंगवला की म्हातारे रडले. मध्यंतर झालं. नामाचा गजर सुरू झाला. बापूसाहेब मोगऱ्याचा हार आणि बुक्क्याची वाटी घेऊन आले, गोदाताईंच्या गळ्यात हार घातला, वाकून नमस्कार केला. ते मान वर करतात तोवर गोदाताईंनी हार काढला होता.

"माझा म्हातारीचा दम इथवर," त्या माइकवरून म्हणाल्या. "उत्तररंग माझी शिष्या करील. वैजयंता, ये."

वैजू उठली. बसलेल्या बायकांच्या मधून जाताना तिचा देह नेहमीसारखा आक्रसला नाही. शेला तिनं कमरेला करकचून बांधला होता. दंडावर, जरीच्या किनारीत, लाल दिवा जळत होता. गोदाताईंनी तिच्या गळ्यात हार घातला आणि ती उदबत्तीची काडी सगळ्यांदेखत पोरीच्या पायांवर वाकली.

 बापूसाहेब वाटी हातात धरून तसेच उभे. रिवाजाप्रमाणे हार असेल त्याला बुक्का लावायचा. त्यांनी वैजूकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बाराला थोडाच अवकाश होता. गोदाताई खाली बसून शांतपणे पाणी पीत होत्या. जन्म करायला गावात तिसरं माणूस नव्हतं.

बुक्का त्यांनी लावला नाही. माइकवाल्याकडे बघून नुसती मान हलवली. माइक बंद झाला.

वैजूला वाटलं, पायाखालची गादी सरकली. एवढ्या मोठ्या मंडपात माइकशिवाय! मग तिनं श्वास घेतला, आणि त्या श्वासाचं तिलाच नवल वाटलं, इतका तो खोल गेला. शाळेच्या जिन्यात थांबून थांबून कमावलेला श्वास होता तो. आवाज शेवटच्या खांबापर्यंत गेला आणि तिथून परत आला.

"श्रोतेहो, जन्माआधी एक छोटा दृष्टांत ऐका," ती म्हणाली. "एका गावानं देवळासाठी घंटा ओतली. मोठी. टोला पडला की शिवारात बैल मान वर करायचे. पण जी तुळई घंटेला पेलत होती, ती करकरू लागली. पंच जमले. म्हणाले, घंटा फार जड आहे, कानस लावा. रोज कानस. घंटा बारीक झाली, सुबक झाली, पंच खूश. उत्सवाला टोला दिला, तर टण्ण! ताटलीचा आवाज. देवसुद्धा विचारात पडला, जेवायला वाढलंय का काय!"

पोरं खदखदली. पेटीवाल्यानं डोळे मिटून सूर धरला.

"मंडळी, तुळई भक्कम करायची असते हो! मी माझी करतेय. चालतेय, वेळेवर निजतेय, भाकरी खातेय, डॉक्टरांचं ऐकतेय. जन्मभर करीन. हा दंडावरचा दिवा लाल आहे. उद्याही असेल. तो मी झाकणार नाही. कारण माझ्या रामानं मला कानशीनं घासून द्या, असं कुणालाच सांगितलेलं नाही. बोला, सियावर रामचंद्र की..."

"जय!" मंडप गरजला. आणि त्या गजराच्या पाठीवर बसून तिनं आख्यान उचललं. काय चालवलं म्हणून सांगू! झांज चालली, पाऊल चाललं, घामानं बुक्क्याशिवायचं कपाळ चमकत होतं. बाराचा पहिला ठोका पडला आणि तिचा शब्द पडला, "जन्मले!" फुलं उधळली, पाळण्याची दोरी हलली, बायकांनी पाळणा धरला. बापूसाहेबही हात जोडून उभे होते. डोळे मिटलेले. कुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गोदाताईंच्या वर्गानं यंत्राला कीर्तन शिकवलं. मग नाचणारी, कुस्ती खेळणारी, भारूड करणारी पोरं आली. पट्टीवरचा दिवा गेला, आता रंग ज्याचा त्यालाच दिसतो. बाह्यांच्या खिडक्या शिवल्या गेल्या. वैजूला मात्र त्या देवळात पुढली काही वर्षं कुणी बोलावलं नाही. तिनं ओट्यांवर, शाळांच्या पटांगणांत, खानावळीत कीर्तनं केली. आजही ती अंगानं भारीच आहे. आजही रोज चालते. वाटेत कुणी "बारीक झालीस गं" म्हणालं, तर म्हणते, "छे, लांब पल्ल्याची झालेय."

पण त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली, आणि मला खरी तीच सांगायची होती.

सुंठवडा वाटणं चाललं होतं. त्या काळात हिरव्या दिव्याची मुलं प्रसाद कपाळाला लावत आणि रुमालात बांधत. खोबरं, साखर, कोण खाणार? वैजू घाम पुसत द्रोण घेऊन उभी होती. समोर मनवा आली. तिनं हात पुढे केला.

"चिमूट?" वैजूनं विचारलं.

"मूठभर," मनवा म्हणाली.

तिनं तो तिथंच खाल्ला. पुन्हा हात पुढे केला. पुन्हा खाल्ला. ओठांना साखर लागली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सुंठीनं की कशानं कोण जाणे.

"मनवा, बास!" मागून बापूसाहेब म्हणाले.

मनवा वळली. गोड पोटातून रक्तात जायला, रक्तातून पेशींच्या पाण्यात उतरायला आणि मग सुईला कळायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती पोरगी आजोबांसमोर खिडकीचा दंड पुढे करून उभी राहिली. "आजोबा, मला भूक लागते," ती म्हणाली. "रोज लागते." बापूसाहेबांचा हात हवेत राहिला. लोक थांबले. तो दिवा आयुष्यात पहिल्यांदा पिवळा झाला आणि तिनं तो झाकला नाही. मग बापूसाहेबांनी हळूच द्रोणात हात घातला आणि नातीच्या तळहातावर आणखी थोडा सुंठवडा ठेवला.

वैजूला तुम्ही विसरणार नाही. तिला आवाज आहे, ती स्वतःची आठवण करून देईल. मनवाकडे गाणं नव्हतं, गादी नव्हती, गळ्यात हारही नव्हता. म्हणून हात जोडून एवढंच मागणं आहे. पुढल्या नवमीला तळहातावर सुंठवडा पडला की तोंडात टाकण्याआधी क्षणभर थांबा, आणि त्या मनवाची आठवण काढा.